सेकंड हँड आरसी 390 घेतोय, मालक म्हणतो 'इन्शुरन्स 2027 पर्यंत आहे'. अजून काय काढायला लागेल?

भिलवडीकर_20

नमस्कार मंडळी. वय 20, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, कॉलेज सांगलीत, घर भिलवडीत. गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन्स जुलैत निघालं, म्हणजे चार महिने झाले. आजवर आबांची स्प्लेंडर चालवली, दुसरं काही नाही.

आता केटीएम आरसी 390 बघितलीय. ऑगस्ट 2022 चं पासिंग, एमएच 12, चौदा हजार किलोमीटर, 2 लाख 10 हजार सांगतोय. नवीन घ्यायचा विषयच नाही, सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वर 40 टक्के जीएसटी झालाय. एक्झॉस्ट बाहेरचा लावलाय, आवाज एक नंबर आहे.

मालक म्हणतो, इन्शुरन्स ऑगस्ट 2027 पर्यंत आहे, तोवर बघायलाच नको. पण माझा चुलतभाऊ इंग्लंडला असतो. तो म्हणाला तिकडं विशीतल्या पोराला असली गाडी घ्यायची तर प्रीमियम ऐकूनच घाम फुटतो, कधीकधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. ते ऐकून आबा घाबरले. त्यांचं म्हणणं, गाडी माझ्या नावावर घे म्हणजे प्रीमियम कमी बसेल. (त्यांचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलंय, पण गावात कोण विचारतंय.)

तर प्रश्न दोन. वय कमी म्हणून मला जास्त पैसे पडतील का? आणि 2027 पर्यंत इन्शुरन्स असताना अजून काही काढायचं का?

कुपवाडचा_वाघ

भावा थर्ड पार्टी चालू आहे ना? मग पोलीस काय करणार नाही. उरलेले पैसे टाकीत घाल आणि पन्हाळ्याला जाऊन ये.

मिरजेचा_सर्व्हेअर

वरच्या वाघाकडं लक्ष देऊ नकोस.

मी सव्वीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून अपघाताच्या आणि पुराच्या गाड्या बघितल्या, आता ते काम सोडलंय. तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य 'इन्शुरन्स 2027 पर्यंत आहे' हे आहे. मालक खोटं बोलत नसेलही. त्यालाच माहीत नसेल.

1 सप्टेंबर 2018 पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, एकदम घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. म्हणून पॉलिसीवर 2027 दिसतंय. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओडी म्हणतात, तो बहुतेक एकाच वर्षाचा असतो. म्हणजे ऑगस्ट 2023 ला संपला. त्यानंतर मालकाने दरवर्षी काढला असेल तर चांगलंच, पण 'बघायलाच नको' म्हणणारा माणूस काढत नसतो. पॉलिसीची पीडीएफ मागव आणि वरच्या चौकटीत बघ, दोन मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. ओडी संपलेला असेल तर ती गाडी दुसऱ्याला धडकली तर त्याचं भागेल, ती चोरीला गेली, जळली, पडली, पुरात बुडाली तर तुला एक रुपया मिळणार नाही.

आता वयाचं. चुलतभाऊ तिकडचं सांगतोय ते तिकडं ठेव. आपल्याकडं थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो गाडीच्या सीसीवर असतो. जून 2022 पासूनच्या दरात 150 ते 350 सीसीला वर्षाला 1,366 रुपये, 350 च्या वर 2,804. तुझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने पाच वर्षांचे 15,117 अधिक जीएसटी भरलेत. ओडीला सीसी, गाडी किती वर्षांची, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) किती आणि पासिंग कुठलं, एवढं बघतात. पुणे झोन ए, सांगली झोन बी, पण त्यात फरक चहापाण्याएवढाच. चालवणारा वीसचा का पन्नासचा, हे त्या कोष्टकात येत नाही. लायसन्स मात्र बघतात, क्लेमच्या वेळी पहिला कागद तोच मागतात.

म्हणून आबांच्या नावावर घेऊन पैसे वाचणार नाहीत, उलट अडकशील. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो तो फक्त आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याला, आणि त्याच्याकडं चालू लायसन्स असेल तरच. आबांचं संपलंय, म्हणजे त्यांना नाही. तू मालक नाहीस, म्हणजे तुलाही नाही. वडिलांची गाडी मागून घेऊन चालवणारा मुलगा त्याच पॉलिसीत 'तिसरा पक्ष' म्हणूनही धरला जात नाही, कोर्टाने ते सरळ सांगितलंय. गाडी तुझ्या नावावर घे. आणि आबांना लायसन्स रिन्यू करायला लाव, गावात कोण विचारतंय म्हणणाऱ्यांच्या फायली मी खूप बघितल्यात.

मागे मित्राला बसवणार असशील (बसवणारच) तर हेही ऐक. नुसत्या थर्ड पार्टीत दुचाकीवर मागे बसलेला आपोआप येतो असं लोक समजतात. कंपन्या कोर्टात नेमकं याच्यावर भांडतात आणि जिंकतात. ओडी जोडलेला पूर्ण विमा असला की मागचा त्यात येतो.

पुराचं वेगळं लिहितो, कारण तू भिलवडीचा. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तुला ते सांगायला नको. ओसरल्यावर मी जवळजवळ तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. एका गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पन्नासेक दुचाक्या ओळीने उभ्या, टाकीपर्यंत गाळ वाळून पांढरा पडलेला, आणि सगळीकडं तो कुजक्या उसाचा वास. तुझ्याएवढाच एक पोरगा त्याच्या गाडीजवळ उभा होता. मिस्त्रीने प्लग काढला, किक मारायला गेला. अर्धीच बसली. पुन्हा जोर लावला तर प्लगच्या भोकातून चहासारखं पाणी उडालं ते थेट माझ्या पँटवर. मी पोराला विचारलं, सेल्फ मारला होतास का? म्हणाला, पाणी उतरल्यावर दारातच तीन-चार वेळा, चालू होते का बघायला. इंजिन उघडलं तर कनेक्टिंग रॉड वाकलेला.

त्याचा पूर्ण विमा होता. वायरिंग, सीट, धुलाई, सगळं पास झालं. रॉड आणि पिस्टनचं मात्र कापलं गेलं, कारण ते पाण्याने गेलं नव्हतं, पाणी आत असताना चालू केल्याने गेलं. अहवालात मलाच तसं लिहावं लागलं. त्याच्याकडं इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाचं जादा संरक्षण, असतं तर कदाचित निभावलं असतं. दुचाकीला ते सगळ्या कंपन्या देत नाहीत, विचारून घे. आणि पूर आला तर गाडीला हात लावू नकोस, ढकलत टेम्पोत घाल. त्या शेडमधल्या निम्म्या लोकांकडं तर नुसता थर्ड पार्टी होता. त्यांची गाडी बघायलाही मला कोणी पाठवलं नव्हतं, ते आपणहून येऊन विचारायचे, साहेब आमचं काय?

एक्झॉस्टचं: मालकाकडून कंपनीचा जुना सायलेन्सर मागून घे आणि विम्याच्या तपासणीआधी बसव. विम्याला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी भांडणाला निमित्त देतो. पोलिसांचा भाग वेगळाच.

सातारची_पोरगी_310

काकांनी सगळं सांगितलंच, मी फक्त फेअरिंगबद्दल (गाडीच्या अंगावरचं प्लास्टिकचं आवरण) लिहिते, कारण ते मी भरून बसलेय.

माझ्याकडं अपाचे आरआर 310 आहे. (350 च्या आत, त्यामुळं थर्ड पार्टी तुझ्या निम्म्याने. बघ अजून विचार कर.) गेल्या पावसाळ्यात कासवरून येताना यवतेश्वर घाटात एका वळणावर खडी आली होती. वेग तीसच्या आसपास, पुढचं चाक गेलं आणि मी गाडीच्या मागोमाग बसूनच घसरत गेले. मला कोपराला खरचटलं, जॅकेट होतं म्हणून तेवढंच. गाडी उचलली तेव्हा वाटलं काहीच नाही झालं. साध्या गाडीला खरंच काही झालं नसतं, लिव्हर वाकला असता. इथं डावीकडचं अख्खं फेअरिंग, विंडशील्ड, आरसा, इंडिकेटर, हँडल, आणि स्टिकर वेगळे.

बिल 41 हजार. त्यातले जवळजवळ 26 हजार नुसत्या प्लास्टिकचे. मी दुसऱ्या वर्षी चौदाशे रुपये वाचवायला झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारा जादा विमा) काढला नव्हता. सर्व्हेअरने सांगितलं, प्लास्टिक आणि रबराला 50 टक्के कापतात, गाडी कितीही नवीन असो. म्हणजे 13 हजार तिथंच गेले, वर नट-बोल्ट-ऑइलचं आणि रंगाचं थोडं. घरी मी आकडा सांगितला नाही, पप्पांनी मेसेज वाचला.

स्पोर्ट्स बाईक म्हणजे प्लास्टिकच आहे रे. आणि नवीन माणूस गाडी पाडतो ती घाटात नाही, पेट्रोल पंपावर स्टँड नीट न लावता. आरसी वजनाला 170 च्या वर आहे, एकदा कलली की धरता येत नाही. झिरो डेप घेच. वर्षात किती क्लेम चालतात ते मात्र वाच, माझ्या आताच्या पॉलिसीत दोनच आहेत.

भिलवडीकर_20

ताई, काका, खूप आभार. पीडीएफ मागवली. काका म्हणाले तेच. ओडी 2023 च्या ऑगस्टातच संपलाय, दोन वर्षं काढलाच नाही. मालक फोनवर म्हणाला, मला तर वाटलं सगळं पाच वर्षांचं आहे.

आबांना वाचून दाखवलं. पुराचं वाचल्यावर गप्पच झाले, 2019 ला आमची पण स्प्लेंडर गोठ्यात बुडाली होती. नावावर माझ्याच घ्यायचं ठरलं.

आता क्रम कसा? आधी ओडी काढू का आधी नाव बदलू? दोन वर्षांचा गॅप आहे म्हणून नाकारतील का? आणि मालक म्हणतोय त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सवलत) मला मिळेल.

मिरजेचा_सर्व्हेअर

बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्याचा तुला मिळत नाही. आणि तसाही ओडी संपून 90 दिवस झाले की बोनस संपतो, त्याचा त्यालाही उरलेला नाही. तू शून्यापासून सुरू करणार, पहिलं वर्ष क्लेम न करता गेलं की 20 टक्के.

नाकारत नाहीत, तपासणी करतात. आता मोबाइलवरच करतात, चेसिस नंबर, चारी बाजू, मीटर, सगळ्याचा व्हिडिओ. तेव्हा असलेला ओरखडा आधीचा म्हणून नोंदला जातो, त्याचा क्लेम पुढं बसत नाही. त्यामुळं गाडी धुऊन, उजेडात.

क्रम असा. पैसे द्यायच्या आधी कर्ज बाकी आहे का बघ, आरसीवर बँकेचं नाव असेल तर ते उतरवून घे. मग मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, ट्रान्सफरला टाक. थर्ड पार्टी पॉलिसी तुझ्या नावावर करायचा अर्ज कंपनीला लगेच दे, कायद्यात 14 दिवस दिलेत. मग त्याच्यावर नुसता ओडी वेगळा काढता येतो, 2019 पासून तशी सोय आहे. नाव एकाचं आणि गाडी दुसऱ्याकडं, या मधल्या दिवसांत ओडीचा क्लेम कोणालाच धड मिळत नाही. तेवढे दिवस गाडी पोत्याखाली ठेव. पीयूसी काढून ठेव.

आयडीव्ही कमी सांगून प्रीमियम पाचशेने उतरवून देणारे भेटतील. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 40 टक्के घसारा धरतात, म्हणजे तुझी 1 लाख 90 हजारच्या आसपास यायला पाहिजे. त्यावर जुन्या टॅरिफने ओडी साडेतीन हजारांच्या आतबाहेर, कंपन्या त्यात सवलत देतात. कुणी दीड लाखाची आयडीव्ही लावली तर चोरीच्या दिवशी ती दीडच लाख मिळते. आणि हो, तू 2 लाख 10 हजार देतोयस. एवढ्यात पाडून माग.

चाव्या किती देतोय?

भिलवडीकर_20

एक. दुसरी हरवलीय म्हणतोय.

मिरजेचा_सर्व्हेअर

चोरीच्या क्लेमला दोन्ही चाव्या जमा करायला सांगतात. एकच दिलीस तर दुसरी कुठं गेली याची चौकशी सुरू होते आणि महिने जातात. चावी हरवल्याची पोलिसात तक्रार त्याला द्यायला लाव, त्याची प्रत घे, मग अधिकृत शोरूममधून लॉक सेट बदल. खर्च त्याच्या किमतीतून वजा कर.

भिलवडीकर_20

तक्रार द्यायची म्हटल्यावर तासाभरात चावी सापडली. बहिणीकडं होती म्हणे. सायलेन्सर पण आहे, माळ्यावर. रविवारी आबा आणि मी एसटीने पुण्याला निघालोय, किंमत 1 लाख 95 वर आलीय. गाडी टेम्पोतनं आणणार, चालवत नाही.

कुपवाडचा_वाघ

टेम्पोचं भाडं किती? मला पण माझा ओडी बघायचाय.