पाळी गेल्यानंतर अंडाशयावर गाठ : धास्तीचे महिने कसे काढलेत?

सांगली, वय ५७
पाळी बंद होऊन काही वर्षे झाल्यावर सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली, की बाईच्या मनात पहिला विचार कर्करोगाचाच येतो. माझी गाठ एका बाजूची, साध्या पाण्याची आणि ४ सेंटीमीटरची असून अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या सीए-१२५ या रक्तातील प्रथिनाचे प्रमाण ३५ च्या आत, म्हणजे सामान्य आहे. म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न सुचवता चार ते सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करण्यास सांगितले आहे. अशा गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात आणि पुष्कळदा आपोआप जिरतात, हे दवाखान्यात पटले. रात्री मात्र पटत नाही. ज्या भगिनींनी हा काळ काढला आहे, त्यांनी मन कसे सांभाळले ते कृपया लिहावे. काढे आणि औषधे सुचवू नयेत, ही विनंती.

विश्रामबाग, वय ६१
ताई, मला सर्वांत अधिक त्रास ‘काहीतरी आहे’ या मोघमपणाचा झाला. म्हणून दुसऱ्या भेटीत मी गाठीत पडदे किंवा घट्ट भाग आहे का, ती दोन्ही बाजूंना आहे का आणि पोटात पाणी साठले आहे का, असे स्पष्ट विचारले, आणि तिन्हींना मिळालेले ‘नाही’ हे उत्तर फाइलच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले. रात्री जाग आली की दिवा लावून मी तेच वाचत असे, आणि मोबाइलवर शोधाशोध करणे मी निग्रहाने बंद केले. घरात फक्त धाकट्या जाऊबाईंना सांगितले होते. सगळ्यांना सांगितले असते तर प्रत्येकाची काळजी मलाच वाहावी लागली असती, असे मला आजही वाटते. वर्षभर गाठ वाढली नाही, तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या थांबवल्या.

मिरज, वय ६६
माझे सीए-१२५ थोडे वाढलेले आले आणि घरात रडारड झाली. यकृताच्या किंवा हृदयाच्या आजारात आणि पोटाच्या क्षयरोगातही ते वाढू शकते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. मला यकृताचा जुना विकार आहे. केवळ त्या आकड्यावर कोणीही निष्कर्ष काढू नये.

विटा, आईच्या वतीने मुलगी
आई जेवण कमी करून बसली होती, कारण पोटात जरा गॅस धरला तरी तिला गाठच आठवे. शेवटी डॉक्टरांना विचारून आम्ही स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहिले : अचानक असह्य पोटदुखी आणि उलट्या झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा, कारण गाठीसह अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो; अंगावरून रक्त गेल्यास, पोट सतत फुगलेले राहिल्यास, दोन घासांत पोट भरल्यास किंवा वारंवार लघवीला जावे लागल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. एवढे लिहिल्यावर इतर लहानसहान दुखण्यांची तिची भीती बरीच ओसरली.

तासगाव, वय ५९
माझी गाठ दुसऱ्या सोनोग्राफीत वाढलेली आढळली, म्हणून दुर्बिणीतून दोन्ही अंडाशये काढली. खरे सांगायचे तर शस्त्रक्रियेपेक्षा काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस जड गेले. त्या दिवसांत ‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्या माणसांनी मला धीर दिला नाही; शेजारच्या काकू काही न बोलता दुपारभर माझ्याजवळ बसून राहत, त्यांचा आधार मोठा होता. रिपोर्ट चांगला आला. बेदाण्याचा हंगाम तोंडावर होता, परंतु डॉक्टरांनी जड उचलण्यास मनाई केली होती, त्यामुळे त्या वर्षी शेडवरचे काम सुनेने आणि मुलाने पाहिले, आणि मी नोंदवही सांभाळली.