शब्दचर्चा : कडकीतल्या प्रायव्हेट डिटेक्टिव्हला मराठीत काय म्हणायचं?

अमळनेरकर :
मंडळी, जुन्या इंग्रजी मालिकांची ओळख करून द्यायचं काम चालू आहे, माझ्या वाट्याला 'द रॉकफर्ड फाइल्स' आली. १९७४ ते १९८० एनबीसीवर चालायची, जेम्स गार्नर हिरो. जिम रॉकफर्ड हा लॉस एंजेलिसकडचा प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, पण थाट काहीच नाही, मालिबूला समुद्राकाठी जुन्या ट्रेलरमध्ये राहतो, न केलेल्या गुन्ह्यासाठी सॅन क्वेंटिनच्या जेलात जाऊन आलेला, नंतर माफी मिळून सुटला, फी दोनशे डॉलर रोज आणि खर्च वेगळा, आणि ती फी बऱ्याचदा हातात पडतच नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्याच्या आन्सरिंग मशीनवर कुणीतरी निरोप ठेवतं, कधी उधारीचा तगादा, कधी नसती कटकट. आता अशा माणसाला दोन-तीन शब्दांत काय म्हणू? 'दुर्दैवी गुप्तहेर' म्हटलं तर ऐतिहासिक नाटकाची जाहिरात वाटते. सुचवा.

भुसावळवाला :
आधी 'गुप्तहेर' काढा ना भो. गुप्तहेर म्हटलं की मागे राजा आला, शत्रूचा मुलूख आला, बहिर्जी नाईक आले. तो कुणाच्या तरी राज्यासाठी माहिती काढतो. रॉकफर्ड कुणाचं राज्य वाचवतोय? आणि तसंही हेर असतोच गुप्त, उघड हेराला कोण ठेवणार, पण ते जाऊ द्या, शब्द रुळलाय.

धुळे_ताई :
रुळलाय म्हणूनच ठेवा म्हणते मी. रहस्यकथा वाचणाऱ्या पिढीला 'खासगी गुप्तहेर' लगेच कळतं. आणि जुन्या शब्दांच्या मागे लागलं तर फसगत आहे. मराठेशाहीत हेरासाठी 'नजरबाज' होता, 'बातमीदार' होता. आज बातमीदार म्हणजे पेपरवाला. 'जासूद' कागदपत्रं पोचवायचा, हिंदीतला जासूस वेगळा. नजरबाज म्हणून रॉकफर्डची ओळख करून दिली तर लोकांना वाटेल पोरींकडे बघत फिरतो.

भुसावळवाला :
😂 बघतो पण तो, तो भाग वेगळा.

निवृत्त_मास्तर, चाळीसगाव :
'तपासनीस' का नको? नेमका शब्द आहे. मात्र त्यातला 'नीस' फारसी 'नवीस'वरून आला, म्हणजे लिहिणारा, चिटणीस-फडणीसांच्या घरातला. म्हणून तपासनीस म्हटलं की टेबल येतं, रजिस्टर येतं, शाळा तपासनीस येतात आणि आदल्या दिवशी सारवलेला वर्ग येतो. या गृहस्थाचं ऑफिसच ट्रेलरमध्ये, पिस्तूल बिस्किटांच्या डब्यात. त्याला तपासनीस म्हणणं म्हणजे बढती देणं झालं.

आणि लिहिताना 'खासगी' लिहा. 'खाजगी' सर्रास चालतं, मी चूक म्हणणार नाही, पण मूळ 'खास' दिसायला हवं. गंमत अशी की खासगी म्हणजे पूर्वी राजघराण्याची स्वतःची मिळकत. अहिल्याबाईंनी देवळं, घाट बांधले ते होळकरांच्या खासगीतून. तेव्हा खासगी म्हणजे राजाची, आता खासगी म्हणजे सरकारची नसलेली. शब्द वाड्यातून निघाला तो थेट खासगी क्लासेस आणि खासगी ट्रॅव्हल्सवर आला.

पाचोऱ्याचा_पोऱ्या :
सर भारी. पण आपल्याकडे खरा प्रायव्हेट डिटेक्टिव्ह काय करतो, लग्नाआधीची चौकशी. मुलगा पुण्यात खरंच कंपनीत आहे का, पगार सांगतो तेवढा आहे का. आणि त्यासाठी आपण बोलतो काय, 'चौकशी केली का स्थळाची?' तपास नाही बोलत, शोध नाही बोलत. तपास पोलिसांचा, शोध हरवलेल्या माणसाचा, चौकशी स्थळाची नाहीतर साहेबांची. आमच्याकडे हे काम मामा लोक फुकट करतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून. डिटेक्टिव्ह लोकांसाठी २००७ ला संसदेत एक विधेयक पण आलं होतं, लायसन वगैरे, कायदा काही झाला नाही, म्हणजे मामा आणि डिटेक्टिव्ह अजून एकाच लेव्हलला आहेत.

अमळनेरकर :
चौकशी छान आहे पण 'चौकशीवाला' म्हटलं की एसटी स्टँडची खिडकी आठवते. मी सरळ 'डिटेक्टिव्ह' ठेवतो, सगळे तेच बोलतात. माझी खरी अडचण पुढच्या शब्दाची आहे, त्याची परिस्थिती. कंगाल? कफल्लक? फाटका?

धुळे_ताई :
कंगाल नाही. त्याच्याकडे पॉन्टियाक फायरबर्ड गाडी आहे, समुद्र दारात आहे. कफल्लक म्हणजे जवळ काहीच उरलं नाही तो. भणंग म्हटलं की दाढी वाढलेली, कपड्यांचं भान नाही, आणि गार्नर तर इस्त्रीतला माणूस. 'डबघाईला आलेला' माणसाला लावू नका, ते सूतगिरणीला लावा, पतसंस्थेला लावा, डबघाईला यायला आधी संचालक मंडळ लागतं. 'फाटका माणूस' मला आवडतो, त्यात बोलणाऱ्याची माया असते, पण त्यात माणूस बिचारा होतो. रॉकफर्ड बिचारा नाही, तोंड चालतं त्याचं.

पाचोऱ्याचा_पोऱ्या :
'नडलेला' घ्या ना. नडलेला डिटेक्टिव्ह.

धुळे_ताई :
तुझ्या वयाची पोरं वेगळंच वाचतील. आमचा नडलेला म्हणजे अडचणीतला, नडला-अडला. तुमचं 'आपल्याला नडायचं नाही' म्हणजे भिडायचं नाही. मथळा एक आणि अर्थ दोन व्हायचे.

भुसावळवाला :
पण रॉकफर्डला दोन्ही बसतात की, पैशाने नडलेला आणि कुणाला पण नडणारा. मारामारी टाळायला बघतो हे खरं, पण मार खातोच.

माझं मत 'कडकी'ला. आमच्या रेल्वे कॉलनीत वीस तारखेनंतर अख्खी लाईन कडकीत असायची आणि तरी संध्याकाळी शेवभाजी व्हायचीच. कडकी माणूस स्वतःच्या तोंडाने, हसत सांगतो, 'सध्या कडकी चालू आहे.' आपण कंगाल आहोत असं कुणी स्वतःहून सांगत फिरतं का? आणि कडकी लागते तशी उतरते. याचं तसंच आहे, एक केस मिळाली की चार दिवस बरे. अहिराणीत आजी म्हणायची, 'मन्हाजोडे काय बी नही', आणि म्हणता म्हणता लुगड्याच्या गाठीतून नोट काढायची, कडकीचा सूर नेमका तो.

निवृत्त_मास्तर, चाळीसगाव :
कडकी पटली. एक सूचना, 'माफी मिळून सुटला' याच्यापुढे एक वाक्य घाला. माफी म्हटली की वाचक धरून चालतो की गुन्हा केला होता. कोर्ट करतं ती निर्दोष मुक्तता, राज्यपाल देतात ती माफी, आपल्या घटनेत कलम १६१ मध्ये आहे. रॉकफर्डला माफी मिळाली हे बरोबरच, पण त्याने काही केलं नव्हतं हे मराठीत वेगळं सांगावं लागेल.

पाचोऱ्याचा_पोऱ्या :
अजून एक, त्याच्या गाडीत छोटं छापायचं यंत्र असतं ना, लगेच खोटं व्हिजिटिंग कार्ड छापतो आणि विमावाला, सरकारी माणूस काहीही बनतो. त्याला 'तोतया' म्हणायचं का?

धुळे_ताई :
नको. तोतया म्हणजे एका ठरावीक माणसाच्या जागी उभा राहिलेला, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तसा. आता 'तोतया पोलीस' लिहितात ते चालतं, पण रॉकफर्डचं ते दहा मिनिटांचं काम असतं. 'बतावणी' लिही. पेपरात रोज येतं, 'पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले'. आणि तमाशात गण-गौळणीनंतर जी बतावणी होते ती पण तीच, हजरजबाबी, समोरच्याला बोलण्यात गुंडाळणारी. गार्नर तेच करतो, फक्त ढोलकी नाही.

अमळनेरकर :
बतावणी घेतली. मथळा 'कडकीतला डिटेक्टिव्ह' फायनल. आता 'टू हंड्रेड डॉलर्स अ डे प्लस एक्स्पेन्सेस', 'प्रतिदिन दोनशे डॉलर अधिक खर्च' लिहिलं तर टेंडर नोटीस होते.

भुसावळवाला :
'दोनशे डॉलर रोज, वरचा खर्च वेगळा.' केळीच्या बागेत कामाला जाणारा बोलतो तसंच. तो रोजानेच जातो, उक्तं घेत नाही. उक्तं घेतलं असतं तर केस दोन दिवसात उरकून मोकळा झाला असता, पण मग तासाभराचा भाग कसा भरायचा.

पाचोऱ्याचा_पोऱ्या :
आणि क्लायंटला काय? अशील वकिलाचं, पेशंट डॉक्टरचा, गिऱ्हाईक दुकानाचं.

भुसावळवाला :
पार्टी. जळगावला प्लॉटवाला असो नाहीतर सोनार, समोरचा पैसे देणारा तो पार्टी. 'पार्टी चांगली होती पण पेमेंट अडकलं', रॉकफर्डची निम्मी मालिका झाली यात.

धुळे_ताई :
पार्टी लिहिलं तर पुण्याकडचे वाचक वाढदिवस समजतील.

भुसावळवाला :
समजू द्या ना भो.