'बोके' म्हणजे नक्की काय?

प्रश्न:
त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगा घाटावर पणत्यांचे फोटो काढत होतो. सोबतचा एकजण माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावला आणि म्हणाला, "भावा, बोके नाद खुळा आलाय!" घरी येऊन हेच आजीला सांगितलं, तर ती चष्मा लावून फोटोत मांजरं शोधायला लागली. हा शब्द कुठला? ब्लर आणि बोके एकच का? आणि 'तो बोके' म्हणायचं की 'ते बोके'? एकानं तर 'बुके' लिहिलेलं बघितलं.

उत्तर:
बुके लग्नाच्या हॉलवरच राहू दे. शब्द जपानी आहे आणि त्याचा उच्चार आपल्या बोक्याच्या अनेकवचनाच्या अगदी जवळ जातो. अर्थ धूसरपणा. 'बोकेरू' म्हणजे धूसर होणं, आणि म्हातारपणी माणसाचं ध्यान राहत नाही त्यालाही हेच क्रियापद. १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एच जोडला, वाचकांनी 'बोक' म्हणू नये म्हणून. आता आपली पोरं तो एचसुद्धा उच्चारून 'बोकेह' म्हणतात. देवनागरीत ही अडचण मुळात नव्हतीच की!

आता खरा घोळ. फोटोत मागचं किती उडालंय, म्हणजे धूसर झालंय, ते ब्लर. उडालेलं दिसतंय कसं, ते बोके. मिसळीत कट किती घेतला हा एक प्रश्न आणि कटाला चव कशी आहे हा दुसरा, तसंच हे. पन्नास एमएमची लेन्स एफ १.८ ला उघडली (एफचा आकडा लहान, तेवढं भोक मोठं) की आतलं भोक साधारण २८ मिलिमीटरचं होतं, एफ ८ ला जेमतेम ६ मिलिमीटरचं. भोक मोठं तेवढं ब्लर जास्त, पण बोके चांगलं येईलच असं नाही. त्यामुळे 'बोके जास्त आलाय' हे वाक्यच मला खटकतं.

तुझा घाटावरचा फोटो मोठा करून बघ. फोकसबाहेरच्या पणत्या मधोमध गोल चकत्या दिसतील, कडेला लिंबासारख्या चपट्या होत जातील. कारण कडेकडून तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीतच थोडा कापला जातो. या आकाराला फोटोवाले 'कॅट्स आय' म्हणतात, म्हणजे मांजराचा डोळा. आजी अगदीच चुकली नव्हती! काही लेन्समध्ये चकतीच्या आत कांद्याच्या कापासारखी वलयं येतात, तर आत आरसे बसवलेल्या मिरर लेन्सनं काढलं तर चक्क मेदूवडे दिसतात. बोक्याची चर्चा करायची तर या गोष्टींची करावी.

दुसरं उत्तर:
काका, एवढं काटेकोर कोण बोलतंय? माझा स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक येतं ते 'मागचं बोके करा' म्हणत. त्याला मी ब्लर आणि बोके समजावत बसलो तर ऑर्डर शेजारच्या दुकानात. उलट मला 'कँडिड' या शब्दाचा जास्त वैताग येतो. न सांगता टिपलेला फोटो तो कँडिड. आमच्याकडे रंकाळ्यावर संध्यामठाकडे तोंड करून नवरानवरी उभी राहतात, मान वळवून हसतात, आणि वर विचारतात, "कँडिड आला का?" तीनदा रिटेक घेऊन! तरी बिलात मीच 'कँडिड' लिहितो, त्याचे पैसे वेगळे मिळतात. 'मॅक्रो'चंही तेच. जवळून काढलेलं सगळं मॅक्रो. खरं मॅक्रो म्हणजे एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही (कॅमेऱ्यात चित्र टिपणारी चकती) एक सेंटिमीटरचाच उमटला पाहिजे.

पुन्हा पहिले उत्तर:
गिऱ्हाइकानं काय म्हणायचं ते म्हणू दे. आपसात बोलताना तरी दोन अर्थांना दोन शब्द ठेवू या. ब्लरला 'धूसर' आहेच, आणि घाटावर सगळे 'मागचं उडवलंय' म्हणतात ते तर झकास मराठी आहे.

लिंगाचं राहिलं. मी नपुंसकलिंग घेतो. डोके, तळे, केळे, तसं ते बोके. अडचण एकच: डोक्याचं जसं बोलताना 'डोकं' होतं, तसं याचं 'बोकं' होणार. पुढच्या पौर्णिमेला घाटावर "बोकं भारी आलंय" ऐकू आलं, तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.