मदत हवी आहे: पदवीनंतर विद्यापीठच बदललं, तर 'शिक्षण कुठून' या रकान्यात काय लिहायचं?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. बहिणीच्या कॅनडा पी.आर.साठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून शैक्षणिक मूल्यांकन करून घ्यायचं आहे. अर्ज भरायला बसलो आणि शिक्षणाच्या पानावरच अडलो. तिचं शिक्षण असं:

बी.एस्सी. केमिस्ट्री, दयानंद कॉलेज, सोलापूर. प्रवेश २०००, पास २००३.
एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री, पुणे विद्यापीठाचा विभाग. प्रवेश २००३. एक पेपर राहिला होता, तो ऑक्टोबर २००५ला निघाला. पदवी प्रमाणपत्रावर २००६ आहे.

प्रश्न: सोलापूरची कॉलेजं आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आहेत, मग बी.एस्सी.पुढे कोणतं विद्यापीठ लिहायचं? पुणे विद्यापीठाचं जुनं नाव लिहायचं की सावित्रीबाई फुले? पास झाल्याचं साल २००५ की २००६? आणि सगळे कागद माहेरच्या नावाचे आहेत, पासपोर्ट सासरच्या नावाचा. जाणकारांनी कृपया सांगावं.

मु.पो. सांगली

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ला सुरू झालं, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठाकडे होता. ताईंची बी.एस्सी. २००३ची, म्हणजे पदवी शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर यांचीच. ट्रान्स्क्रिप्टही (विद्यापीठाने दिलेला सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) कोल्हापूरहूनच मिळेल. सोलापूरला अर्ज केलात तर तिथे रेकॉर्डच सापडणार नाही, महिनाभर वाया जाईल.

अंकपत्रिका

सांगलीकर बरोबर सांगताहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण हाच घोळ बहुतेकांचा होतो.

आपण बोलताना 'मी अमुक कॉलेजातून बी.एस्सी. केलं' म्हणतो. फॉर्मला मात्र तीन गोष्टी वेगवेगळ्या हव्या असतात: वर्गात कुठे बसलात (कॉलेज), पदवी कोणी दिली (विद्यापीठ), आणि पदवीवर अक्षरशः काय छापलंय. डब्ल्यूईएसच्या अर्जात संस्था म्हणून पदवी देणारी संस्था निवडायची, म्हणजे 'शिवाजी विद्यापीठ'. यादीत दयानंद कॉलेज शोधत बसू नका. कॉलेजचं नाव बायोडेटात जरूर लिहा, पण विद्यापीठाच्या जागी नाही. पडताळणी करणारा माणूस विद्यापीठाला विचारतो, आणि विद्यापीठ बैठक क्रमांक व परीक्षेचा महिना-साल यावरून जुनं रजिस्टर काढतं.

नाव बदललेल्या विद्यापीठाचं: प्रमाणपत्रावर जे छापलंय ते नाव आधी, आजचं नाव त्यापुढे कंसात. म्हणजे 'पुणे विद्यापीठ (आताचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ)'. ऑनलाइन यादीत एकच नाव येत असेल तर आजचं निवडा, संस्था तीच आहे, २०१४ला फक्त नाव वाढलं. सोलापूरचा मामला वेगळा, तिथे संस्थाच दुसरी झाली. नामविस्तार आणि विभाजन यांत गल्लत करू नका, सगळी मेख इथेच आहे.

साल: ज्या परीक्षेत शेवटचा विषय सुटला, त्या परीक्षेचा महिना आणि साल. म्हणून ऑक्टोबर २००५. २००६ हे पदवीदान समारंभाचं साल. अर्जात पदवी मिळाल्याचं साल वेगळं विचारलं असेल तरच तिथे २००६. बायोडेटात २००६ लिहिलं आणि गुणपत्रिकेवर २००५ निघालं, तर नोकरीच्या पडताळणीत शेरा पडतो. नंतर खुलासा देता येतो, पण तोवर ऑफर अडकून बसते.

कलिना नाका

ट्रान्स्क्रिप्टबद्दल भर घालते. मूळ गुणपत्रिका स्कॅन करून तुम्ही अपलोड केल्या तरी चालत नाहीत. विद्यापीठाने तयार केलेली किंवा साक्षांकित केलेली प्रत थेट विद्यापीठाकडून जावी लागते. पदवी प्रमाणपत्राचा स्कॅन मात्र आपण स्वतः चढवायचा.

क्रम असा ठेवा:

आधी डब्ल्यूईएसचं खातं उघडून फी भरा, म्हणजे संदर्भ क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसताना विद्यापीठात गेलात तर दोन फेऱ्या होतात.

मग त्यांचा विनंती फॉर्म छापा. वरचा भाग विद्यार्थ्याने भरायचा, खालचा विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने. प्राचार्यांची सही चालत नाही, संलग्न कॉलेजच्या पदवीला परीक्षा विभागाचीच सही-शिक्का लागतो.

कागदी पद्धतीने पाठवत असतील तर पाकिटात तो फॉर्म आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका. पाकीट चिकटवून जोडावर, म्हणजे झाकणाच्या कडेवर अर्धा-अर्धा येईल असा शिक्का आणि सही. समोरच्या बाजूला संदर्भ क्रमांक ठळक. काउंटरवर तिथल्या तिथे पाहून घ्या. शिक्का झाकणावर पूर्ण बसला आणि खालच्या कागदाला लागलाच नाही, तर ते पाकीट सीलबंद धरता येत नाही. विद्यापीठाकडे थेट ऑनलाइन पाठवायची सोय असेल तर डोळे झाकून तीच घ्या. पुण्याचा अर्ज ऑनलाइनच भरता येतो.

आणि ज्या परीक्षेत एक पेपर राहिला, त्या प्रयत्नाची गुणपत्रिकाही द्यायची. लोक लाजेने फक्त पास झालेली देतात. मग गुणांची बेरीज जुळत नाही, सत्र अपुरं दिसतं आणि फाइल 'कागद अपूर्ण' म्हणून थांबते.

सीनाकाठ

खूप आभार, बरंच स्पष्ट झालं. एक नवी अडचण: बी.एस्सी.चं पदवी प्रमाणपत्र तिने घेतलेलंच नाही. प्रोव्हिजनल (तात्पुरतं प्रमाणपत्र) आणि तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आहेत. प्रोव्हिजनलवर भागेल का? की बी.एस्सी. सोडून फक्त एम.एस्सी. दाखवू?

अंकपत्रिका

प्रोव्हिजनलवर भागणार नाही आणि बी.एस्सी. सोडूही नका. एम.एस्सी.चं मूल्यांकन करताना खालची पदवी बघतातच. प्रोव्हिजनल म्हणजे पदवीदान होईपर्यंतची तात्पुरती सोय, वीस वर्षांनी ते कोणी अंतिम धरत नाही.

पदवीदानाचा अर्ज नंतरही करता येतो. शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज, सोबत तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका, प्रोव्हिजनलची प्रत, ओळखपत्र आणि विलंब शुल्क. अर्जात नाव गुणपत्रिकेवर आहे तेच, माहेरचंच घाला. 'आता लग्नानंतरचं नाव छापून द्या' अशी विनंती करू नका, पदवी परीक्षेच्या वेळच्या नावानेच निघते. ताई परदेशात किंवा परगावी असतील तर तुमच्या नावाने अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जवळ ठेवा.

हा अर्ज आज करा. सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, ट्रान्स्क्रिप्ट त्यामानाने लवकर मिळते.

नावाचा प्रश्न राहिला होता. डब्ल्यूईएसच्या खात्यात मुख्य नाव पासपोर्टप्रमाणे, आणि 'पूर्वीचं नाव' असा रकाना आहे तिथे माहेरचं. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर दोन्ही नावं नसतील तर राजपत्रातला नावबदल.

मु.पो. सांगली

नावावरून आठवलं. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी आईचं. परदेशातला माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे आईचं नाव आडनाव होऊन बसतं! पासपोर्टशी जुळत नाही म्हणून विचारणा आली तर घाबरू नका. चारही शब्दांचा क्रम समजावणारं अर्ध्या पानाचं पत्र द्या, बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं.

पणजीचो

धागा वाचून एक जोडतो, गोव्याच्या लोकांना उपयोगी पडेल. गोवा विद्यापीठ १९८५चं. त्याआधी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे १९८०च्या आसपास मडगाव-म्हापशात शिकलेल्याची पदवी मुंबईची. कागद काढायचा झाला तर प्रमाणपत्राच्या डोक्यावर कोणाचं बोधचिन्ह आहे तेवढं बघा आणि त्याच दारात जा.

अंकपत्रिका

छान मुद्दा. असेच आणखी काही, शोधत येणाऱ्यांसाठी:

चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं २०११पासून गोंडवाना विद्यापीठात, त्याआधी नागपूर. नांदेड-लातूर-परभणीकडची १९९४पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, त्याआधी औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ. जळगाव-धुळे १९९०पर्यंत पुण्याकडे, मग उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, त्याला २०१८ला बहिणाबाईंचं नाव मिळालं. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग यांचं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८चं, त्याआधीचे डॉक्टर ज्या त्या भागाच्या विद्यापीठाचे. हद्द बदलली त्या सुमारास जे मधल्या वर्षात होते त्यांनी सालावरून अंदाज बांधू नये. आधीच्या तुकड्या पुष्कळदा जुन्याच विद्यापीठातून पूर्ण होतात.

मोठ्या संस्थांचंही तेच. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय सीओईपी २००३ला स्वायत्त झालं तरी पदवी पुणे विद्यापीठाचीच होती, स्वतंत्र विद्यापीठ झालं २०२२ला. माटुंग्याचं यूडीसीटी हा मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, २००२ला यूआयसीटी आणि २००८ला आयसीटी नावाने अभिमत विद्यापीठ. मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेची आद्याक्षरं तीच राहिली, पण १९९७ला व्हिक्टोरिया ज्युबिलीचं वीरमाता जिजाबाई झालं. जुन्या प्रमाणपत्रावर जुनं नाव असेल तर तेच लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. तसंच बी.ई. असेल तर बी.ई., 'सारखंच आहे' म्हणून बी.टेक. लिहू नका. दोन्हींचा दर्जा सारखा, पण पडताळणीत शब्द जुळवतात.

सीनाकाठ

टक्केवारीचं काय करू? बायोडेटात एकच आकडा मागतात. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांची सरासरी काढू का?

कलिना नाका

सरासरी आपल्या मनाने काढू नका. वार्षिक परीक्षांच्या काळात प्रथम वर्ग, द्वितीय वर्ग कोणत्या वर्षांच्या गुणांवर ठरायचा हे विद्यापीठागणिक वेगळं होतं, कुठे फक्त शेवटचं वर्ष, कुठे शेवटची दोन. तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर एकूण गुण आणि वर्ग ज्या ओळीत छापलाय, तोच आकडा घ्या. '१२००पैकी अमुक, प्रथम वर्ग' असं गुणांसकट लिहिलं की वाद राहत नाही. ग्रेड असलेल्यांनी सीजीपीएला (सरासरी श्रेणीगुणांना) साडेनऊने गुणायची घाई करू नये, ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं. विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला किंवा परिपत्रकात असतं.

डब्ल्यूईएसला हा आकडा लागतच नाही, ते गुणपत्रिकेवरून स्वतः हिशोब करतात.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बायोडेटात आता असं लिहिलंय, कृपया नजर टाका:

एम.एस्सी. (ऑरगॅनिक केमिस्ट्री), पुणे विद्यापीठ (आताचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ), जुलै २००३ ते मे २००५.
बी.एस्सी. (केमिस्ट्री), शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. दयानंद कॉलेज, सोलापूर. जून २००० ते एप्रिल २००३.

अंकपत्रिका

दोन दुरुस्त्या. एम.एस्सी.च्या ओळीत मे २००५ नको, ऑक्टोबर २००५ करा. वर्गातले तास मेमध्ये संपले असतील, पण शेवटची गुणपत्रिका ऑक्टोबरची आहे. आणि गुणपत्रिका हातात घेऊन विषयाचं नाव एकदा तपासा. काही प्रमाणपत्रांवर नुसतं 'केमिस्ट्री' असतं आणि 'ऑरगॅनिक' हे फक्त गुणपत्रिकेवर. तसं असेल तर 'एम.एस्सी. (केमिस्ट्री), विशेष विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री' असं लिहा. बाकी ठीक आहे. कोल्हापूरचा पदवीचा अर्ज मात्र उद्यावर टाकू नका.