आजारी मुलाच्या भावंडाला 'कॅन्सर' हा शब्द सांगायचा की नाही?

डिचोलीची_आई: मोठी लेक 9 वर्षांची, तिला एएलएल म्हणजे ब्लड कॅन्सर, मुंबईला ट्रीटमेंट चालू आहे, दोन-अडीच वर्षं तरी जाणार. धाकटा 6 वर्षांचा, आजीकडे ठेवलाय. त्याला "ताईला ताप आहे" एवढंच सांगितलं होतं. चवथीला चार दिवस घरी आलो तर हा तिच्या जवळच जाईना, सगळे गणपतीवर फळांची माटोळी बांधतायत आणि हा दाराआड उभा. रात्री कुशीत घेतलं तेव्हा बोलला, मी ताईला सोप्यावरून ढकललेलं ना, तिचा पाय काळानिळा झालेला, त्यानेच झालं ना हे? चार महिने पोटात ठेवून बसलेला हो! प्लेटलेट्स कमी असल्या की साध्या धक्क्यानेही तसं होतं, पण ते त्याला कोण सांगणार? माझं म्हणणं, भावंडाला पहिल्याच आठवड्यात आजाराचं नाव घेऊन सांगा.

सत्तरीकर_काका: ताई, वाचून गलबललो, पण पटलं नाही. सहा वर्षांचं पोर उद्या शाळेत बोलणार, मग अख्खा वाडा विचारपूस करायला येणार आणि कोणीतरी त्याच्यादेखत "अरेरे" करणार. आमच्याकडे एका मुलाच्या बहिणीशेजारी बसमध्ये कोणी बसेना. "ताईच्या रक्तासाठी औषध चालू आहे" इतकं पुरे.

पेडण्याचा_दादा: काका, मी तेच भावंड आहे. 12 वर्षांचा होतो, भाऊ आजारी, मला मावशीकडे सावंतवाडीला ठेवलं, मी खोलीत आलो की सगळ्यांचं बोलणं बंद. मग एक दिवस एकदम भावाला द्यायला बोन मॅरो जुळतो का बघायला माझं रक्त घेतलं. जुळलं नाही. सख्ख्या भावंडाचंसुद्धा पूर्ण जुळायचा चान्स चारात एक असतो हे मला कॉलेजात कळलं, तोवर मी भावाच्या उपयोगी पडलो नाही असंच धरून चाललेलो. भाऊ आज ठणठणीत आहे. मला मात्र अजून त्या मावशीच्या घरी राहवत नाही.

फोंडेकर_मामी: सांगायचं मान्य, पण सगळं आईच्याच डोक्यावर का? ती तिकडे सलाईन बघणार की इकडे फोनवर समजावणार? 2015 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी कॅन्सरच्या मुलांसाठी मानसिक आधाराचे 15 मापदंड काढले, त्यात भावंडांचा वेगळा आहे, म्हणजे हे काम हॉस्पिटलच्या टीमचंही आहे. मी शाळेत शिकवते, निदान वर्गशिक्षिकेला तरी सांगा, वर्गात कांजण्या आल्या, ज्या ताईला धोक्याच्या, तर ती लगेच कळवेल, आणि पोर गप्प झालं तर तिलाच आधी दिसेल.

सत्तरीकर_काका: बाईंना सांगा, हरकत नाही. पोराला नाव नको असंच मी म्हणेन. पण ते ढकलल्याचं त्याच्या मनातून काढा आधी.

डिचोलीची_आई: काका, नाव न घेता ते निघेना. रक्ताचं औषध म्हटलं तर म्हणाला, ढकलल्यावर आत रक्त आलं म्हणून? शेवटी काल सगळं सांगितलं. कॅन्सर म्हणतात, कोणाच्या ढकलण्याने होत नाही, आणि ताईच्या रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी असतात तेव्हा तुला सर्दी असली तर लांब ठेवतो, शिक्षा म्हणून नाही. पहिला प्रश्न, "मग मला पण लागणार?" नाही रे, हा लागत नाही. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला ताईला फोन लाव.