स्लीव्ह सर्जरीनंतर चौथ्या आठवड्यात उठलं की भोवळ: पाणी, गोळी की साखर?

डोंबिवलीकर (प्रश्न)
मोठी बहीण, वय ४४, स्लीव्ह (वजन घटवायला जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं अरुंद करतात ती सर्जरी) होऊन आज २४ दिवस. वजन ११८ वरून १०९. आहार पातळ-मऊ: मुगाचं कढण, ताक, कुस्करलेलं पनीर, दिवसाला एक स्कूप प्रोटीन पावडर. पाच-सहा दिवस पलंगावरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा गरम पाण्याने आंघोळ करून निघताना बाथरूमच्या दारातच घसरत खाली बसली, दहा-पंधरा सेकंद शुद्ध नव्हती. डोक्याला मार नाही. ताप, उलटी, पोटदुखी नाही. ग्लुकोमीटरवर त्या वेळी ९६.
गोळ्या: सकाळी टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ (जुनीच, चालू आहे), अ‍ॅसिडिटीची एक, मल्टिव्हिटॅमिन. डायबेटिस नाही. पाणी 'दीड-दोन लिटर जातं' म्हणते. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, नारळपाणी द्या. सर्जनची तारीख १० दिवसांनी आहे. थांबावं का? आणि सोमवारपासून सीएसएमटीला ऑफिस.

वॉर्डसिस्टर
शुद्ध हरपली म्हटल्यावर १० दिवस थांबायचं नाही. आजच सर्जनच्या कोऑर्डिनेटरला फोन करा, पण हातात आकडे घेऊन. नुसतं 'चक्कर येते' म्हटलं की समोरूनही 'पाणी वाढवा' एवढंच येतं.
पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी घ्या. मग उभं करा, पट्टा दंडावरच राहू दे, १ मिनिटाला आणि ३ मिनिटांना परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर भोवळ उभं राहण्याची. मोजताना कुणीतरी बाजूला हवंच, आणि चक्कर आली तर ३ मिनिटं पुरी करायचा हट्ट नको.
पाणी अंदाजाने सांगू नका. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवा, ती फक्त तिचीच, आणि रात्री किती उरलं ते बघा.

बोरिवली_काका
इतकं काही नसतं. चक्कर आली की दोन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, पाच मिनिटांत तरतरी.

आहारतज्ज्ञ_ठाणे
काका, साखर ९६ असताना ग्लुकोज कशाला? स्लीव्हनंतर गोड पाणी पोटात फार थांबत नाही, झपाट्याने आतड्यात उतरतं, आतडं रक्तातलं पाणी आपल्याकडे ओढतं. म्हणजे भोवळ होती त्यात घाम आणि धडधड वाढवली.
चक्कर कधी येते ते वेळ लावून लिहा, निम्मं निदान तिथेच होतं. उठल्या-उठल्या आली तर पाणी, मीठ, बीपीची गोळी. खाल्ल्यापासून १०-३० मिनिटांत पोटात मुरडा आणि घामासकट आली तर डंपिंग, म्हणजे खाल्लेलं झपाट्याने आतड्यात उतरणं. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी हात थरथरत आली तर साखर उतरलेली असते. तेव्हाच टोचून बघायची, ७० च्या खाली असेल तरच ग्लुकोज, आणि मागून थोडं प्रोटीन. हा तिसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपासवाल्यांत (वजन घटवायची दुसरी सर्जरी, हृदयाची नव्हे) जास्त, तोही बहुतेक वर्षभरानंतर. २४ व्या दिवशी मी तिकडे शेवटी बघेन.
पाण्याचा हिशोबही मांडते. ३० मिलीचं औषधाचं मापटं दर १५ मिनिटांनी, १४ तास जागं, म्हणजे ५६ मापटी, १६८० मिली. पण जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद, तीन जेवणांची १०-१२ मापटी गेली. उरलं जेमतेम १.३-१.४ लिटर, तेही एकही वेळ न चुकता! म्हणून चौथ्या आठवड्यात सोसत असेल तर घोट ५०-६० मिलीवर न्या.

डोंबिवलीकर
मोजलं. झोपून ११२/७४, नाडी ७८. उभं राहून १ मिनिटाला ९०/६२, नाडी १०४. ३ मिनिटांना ८८/६०. बाटलीतलं पाणी, ताक, कढण सगळं धरून दिवसाला ८५० मिली भरलं. लघवी गडद पिवळी, दिवसातून तीनदा.

औषधवाला_दादर
मग उत्तर बरंचसं त्या स्ट्रिपवरच आहे. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर आत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. सर्जरीनंतर खाणं घटलं की इन्सुलिन उतरतं आणि किडनी पहिले काही आठवडे आपणहून मीठ-पाणी सोडते. आहारातलं मीठही कमी झालेलं. त्यावर ही गोळी म्हणजे गळक्या टाकीचा नळ उघडा. ११८ किलोला बसवलेला डोस आता जास्त होतोय.
आजच फोनवर विचारा: 'एच' बंद करू का, टेल्मिसार्टनचं काय, आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन कधी करू. स्वतःहून सगळ्या गोळ्या बंद करायची सवय मात्र नको. मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन यांसारखी औषधं एकदम तोडली तर बीपी उसळतं. डायबेटिस असलेल्या कुणी हे वाचत असेल तर ग्लिमेपिराइड, इन्सुलिन आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली औषधं, तिन्हींबद्दल सर्जनला विचाराच. शेवटच्या गटात साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात घातक आम्ल साठणं) होऊ शकतो.
नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं. शरीर कोरडं असताना, रिपोर्ट येईपर्यंत नारळावर नारळ नको. त्यापेक्षा डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं ओआरएस, सर्जनला विचारून. मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्ये, २४ तासांत संपवायची, उरलं ते ओतून टाका. 'थोडं थोडं करते' म्हणून अर्धी पुडी ग्लासात कालवली की मिठाचं प्रमाण बिघडलं.

फिजिशियन_मुलुंड
वरच्याशी सहमत. तोंडाने भागलं नाही तर सलाईन लागेल, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर.
आपल्याकडे चक्कर आली की गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये 'एक सलाईन लावून घ्या' होतं, आणि बाटली बऱ्याचदा डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची असते. बॅरिअ‍ॅट्रिक (वजन घटवायची सर्जरी झालेल्या) पेशंटमध्ये, विशेषतः आठवडाभर उलट्या असतील तर, ही चूक महागात पडते. शरीरातला थायमिनचा (व्हिटॅमिन बी१) साठा दोन-तीन आठवड्यांचा. तो संपत आलेला असताना ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्च होतं आणि मेंदूवर येतं: एकाचे दोन दिसणं, बुबुळं थरथरणं, झोकांड्या जाणं, बोलण्यात गोंधळ. याला वेर्निके म्हणतात. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून थायमिन शिरेतून आधी, निदान ग्लुकोजसोबत तरी; नुसतं पाणी-मीठ भरायचं असेल तर नॉर्मल सलाईन. व्हिटॅमिन घातलेलं 'पिवळं सलाईन' लावलं म्हणून निश्चिंत होऊ नका. पर्समध्ये चिठ्ठी ठेवा: स्लीव्ह, तारीख, 'डेक्स्ट्रोजआधी थायमिन'.
पुढच्यापैकी काहीही असलं तर फोन-बिन नाही, १०८ किंवा सरळ सर्जरी झाली त्या हॉस्पिटलची इमर्जन्सी. झोपूनही नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं: टाक्यांच्या रेषेतून गळतीची शंका. दम, छातीत दुखणं, एकच पोटरी सुजणं: गुठळी. डांबरासारखी चिकट काळी शी: रक्तस्राव (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती चिकट आणि तशी घाण वासाची नसते). बसल्या-झोपल्या शुद्ध जाणं: हृदयाकडे बघा. आणि रक्त पातळ ठेवणारी एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं चालू असताना डोकं टाइलवर आपटलं असेल तर दिसायला ठणठणीत असली तरी सीटी. डोकेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका.

डोंबिवलीकर
कोऑर्डिनेटरशी बोललो. 'एच' आजपासून बंद, टेल्मिसार्टन २०, रोज दोनदा बीपी कळवायचं, उद्या सकाळी रक्त. सोमवारचं काय?

वॉर्डसिस्टर
उभ्याने बीपी तीन दिवस न पडता राहीपर्यंत लोकल नाही. गर्दीत सव्वा तास ताठ उभं राहणं आणि वर गोळी म्हणजे परत तेच.
तोवर घरात: उठण्याआधी पावलं २० वेळा वर-खाली, काठावर दोन मिनिटं बसायचं, मग उभं. आंघोळ कोमट पाण्याने, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, आणि बाथरूमला कडी लावायची नाही.
लोकलने जाणं सुरू केलं की डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरा, बसायला मिळण्याची शक्यता तिथेच. उभी असताना कान बंद झाले, घाम सुटला, तर पायाला पाय आवळून तिढा, मांड्या-कुल्ले घट्ट, मुठी आवळायच्या. नाहीच निभावलं तर लाज न धरता तिथेच खाली बसायचं. पडलीच तर आडवी करून पाय बॅगेवर वर ठेवा, शुद्धीवर येईतो तोंडात पाणी नाही. बायका दया येऊन लगेच सीटवर बसवतात, ते करू देऊ नका. बसवली की शुद्ध पुन्हा जाते.