एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स घ्यावं की पोस्टग्रेसवर (फुकट, ओपन सोर्स डेटाबेसवर) जावं? मदत हवी आहे

स्टॉकचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेसवर (फुकटच्या आवृत्तीवर) आहे. डेटा ९.३ जीबी झालाय आणि मर्यादा १० जीबीची. जुन्या नोंदी वेगळ्या काढल्या, नको असलेले इंडेक्स उडवले. फार तर दोन महिने निघतील. स्टँडर्ड एडिशन, म्हणजे सर्व्हर अधिक २५ कॅल (दर वापरकर्त्यामागे किंवा मशीनमागे लागणारं लायसन्स), परवडेल पण जड जाईल.

पीजीलोडर या डेटा हलवायच्या टूलने टेबलं आणि डेटा पोस्टग्रेसमध्ये नीट आला. घोडं अडलंय ते १४० स्टोअर्ड प्रोसिजरपाशी (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड), त्या हातानेच बदलाव्या लागणार. डेटाबेस सांभाळायला वेगळा माणूस (डीबीए) नाही, सगळं मीच बघतो (रात्रीचे बॅकअपसुद्धा). क्लाउड चालणार नाही.

स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर बेबलफिश (पोस्टग्रेसला एसक्यूएल सर्व्हरची भाषा, म्हणजे टी-एसक्यूएल, समजावणारं एक्स्टेंशन) टाकून टी-एसक्यूएल प्रोसिजर रोजच्या कामात कोणी चालवल्या आहेत का? नेमकं कुठे अडलं?